यूलानच्या सासूची भूमिका

आसावरी दोह्याच्या पर्ल बेटावरच्या आपल्या घरून निघाली तेव्हा तिच्या डोक्यात फक्त अनारसे होते. दिवाळीआधीच्या शुक्रवारी मदिनत खलीफातल्या माहेरी सगळ्यांनी मिळून फराळ करायचा, ही त्यांच्या घरची जुनी रीत. पण त्या शुक्रवारी फाटकासमोर दोन पांढऱ्या व्हॅन आणि जनरेटरचा ट्रक उभा होता. तिला गाडी पार पलीकडच्या गल्लीत लावावी लागली. तुपाचा डबा सांभाळत ती उन्हातून चालत आली आणि बघते तर बाबा अंगणात सोफ्यावर बसून पेपर वाचत होते.

"बाबा, तुम्ही बाहेर काय करताय?"

"मी काहीच करत नाहीये. त्यांना सोफा बाहेर हवा होता आणि मी त्यावर बसलेलो होतो," राजाभाऊ म्हणाले. "चांगले चौघे दणकट होते. मला उठावंसुद्धा लागलं नाही."

आत हॉलभर वायरी पसरल्या होत्या, खिडक्यांना काळं कापड लावलं होतं आणि या सगळ्यावर भाजणीचा खमंग वास तरंगत होता. आसावरीनं नाक मुरडलं. शूटिंगसाठी घर द्यायचं ठरलं तेव्हाच ती म्हणाली होती, फराळाचा दिवस सोडून काय तो घोळ घाला. पण बाबांनी सुनेला शब्द दिला होता.

यूलान तिची भावजय. चीनमधल्या च्वानचौ गावची ही मुलगी बीजिंगला अरबी शिकली आणि एका चिनी बांधकाम कंपनीची दुभाषी म्हणून दोह्याला आली. साइटवरच आसावरीच्या भावाची, कैवल्यची आणि तिची गाठ पडली. लग्नानंतर ती एकदा चिनी कसरतपटूंच्या कार्यक्रमात दुभाषी म्हणून टीव्ही स्टुडिओत गेली. तिथल्या एका विनोदी नटाला तिचं हजरजबाबी बोलणं इतकं आवडलं, की पुढच्या रमजानच्या मालिकेत तिच्यासाठी खास पात्र लिहिलं गेलं. बाजारात खेळणी विकणारी, मोडकंतोडकं अरबी बोलणारी चिनी बाई. तिचं नाव सूसू. खरं तर यूलानचं अरबी मालिकेच्या नायकापेक्षाही शुद्ध होतं. चुका कशा करायच्या ते तिला शिकवायला स्टुडिओनं एक माणूस ठेवला होता. दर रमजानला ती सूसू व्हायची, लोक पोट धरून हसायचे, आणि नाशिकचे नातेवाईक तर नुसत्या नावालाच हसायचे. राजाभाऊंनी ते नाव कधी उच्चारलं नाही. ते 'ते पात्र' म्हणत.

आता फुटबॉलचा विश्वचषक महिन्यावर आला होता. उंच इमारतींवर खेळाडूंची इमारतीएवढी चित्रं चढली होती, आणि कैवल्य तर स्टेडियमच्या कामातून जेवायलासुद्धा घरी येत नव्हता. चॅनेलनं दोह्यात राहणाऱ्या परदेशी कुटुंबांवर एक छोटी मालिका काढली होती, प्रत्येक भागात एक घर. अनीसा नावाच्या जॉर्डनच्या दिग्दर्शिकेनं शेवटचा भाग यूलानला दिला होता. नायिका तीच, लेखिका तीच, आणि निवेदन तिच्या स्वतःच्या शुद्ध अरबीत. चिनी सून भारतीय घरात येते, एवढीच गोष्ट घरच्यांना ठाऊक होती.

आसावरी स्वयंपाकघरात शिरली. आई ओट्यापाशी चकल्या पाडत होती आणि दारात फजल उभा होता. शूटिंगची सगळी व्यवस्था बघणारा हा रत्नागिरीचा गडी सकाळपासून नीताबाईंना 'आई' म्हणून दोन वेळा चहा पिऊन गेला होता.

"आई, वाईट बातमी हाय," तो म्हणाला. "सासूचा काम करायला मुंबईवरना बाई येनार होती ना, ती निघताना जिन्यावरना घसरली. पायाला पलास्टर. येत नाय आता."

"अगं बाई! मग रे?"

"मग काय, अनीसा मॅडम डोक्याला हात लावून बसलीत. आज शूट झाला नाय तर चॅनेल हा भाग घेनारच नाय. त्या जागी फुटबॉलवरच्या गप्पा लावनार. यूलान मॅडमची सगली मेहनत खलास."

"मोठं काम होतं का सासूचं?"

"दोनच सीन. पन जबरदस्त! सासू लय खडूस. नवी सून घरात आलीय, तर तीन महिने तिच्याशी बोलतच नाय. ताट ठेवते नि पाठ फिरवते. नि मग एक दिवस येते नि तोंडावर बोलते, यू आर थिन! बस, येवडाच." फजल मनापासून हसला. "कुठना सुचतो ओ मॅडमना?"

नीताच्या हातातला साचा तसाच राहिला. अर्धी चकली कागदावर, अर्धी हवेत. आसावरीनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तुपाचा डबा ओट्यावर आपटला. 'यू आर थिन' हे वाक्य या घरात कोणी बोललं होतं आणि कोणाला, ते तिला पक्कं माहीत होतं.

"कैवल्य कुठंय?" ती म्हणाली.

*

चैत्रालीच्या खोलीत यूलानचा मेकअप चालला होता. तिला लग्नाच्या वेळच्या वयाची दाखवायची होती, म्हणून मेकअपवाली डोळ्यांखालच्या रेषा पुसत होती. नऊ वर्षांची चैत्राली पलंगावर मांडी घालून बघत होती. एवढ्यात बाहेरच्या बोळात आवाज चढले.

"तुला माहीत होतं?"

"होतं, ताई."

"आणि तू गप्प बसलास? आईच्याच घरात, आईच्याच ओट्यासमोर, आईला खडूस म्हणून दाखवणार?"

"हळू बोल ना."

"का हळू? पुढच्या महिन्यात अख्ख्या आखाताला दिसणारच आहे की!"

चैत्राली आईकडे वळली. "मामा, इज आजी द व्हिलन?"

चिनी मुलं आईला मामा म्हणतात, तशी तीही म्हणायची. नाशिकला गेलं की त्यावरून हशा पिकायचा. आज यूलानला हसू आलं नाही. ती अर्ध्या मेकअपनिशी उठली आणि दार उघडून बाहेर आली.

"ताई, चूक कैवल्यची नाही. मी आईंना सांगणार होते. रोज सांगणार होते."

"मग?"

"रोज त्या विचारायच्या, जेवलीस का. मग कसं सांगू?"

कैवल्य भिंतीला टेकून जमिनीकडे बघत राहिला.

यूलाननं रागानं काहीच लिहिलं नव्हतं. अनीसा म्हणाली होती, इतकी वर्षं सूसू होऊन खोटं बोललीस, आता एक खरी गोष्ट सांग. तेव्हा तिला आधी आठवलं ते या घरातलं जेवणाचं टेबल. परक्या घरात एकटी बसलेली ती. समोर ठेवलेलं ताट. वळलेली पाठ, आणि मग स्वयंपाकघरातून येणारा नळाचा आवाज. बाबा इंग्रजीत भरभरून बोलायचे. आई नाही. तीन महिन्यांनी त्या पहिल्यांदा समोर येऊन बोलल्या ते तीनच शब्द. यूलान त्यानंतर कितीतरी दिवस आरशासमोर उभी राहून आपले खांदे बघायची. पुढं मराठी आलं, चैत्राली झाली, सासू-सुना एकमेकींच्या सवयीच्या झाल्या. पण त्या तीन शब्दांबद्दल कधी कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. कैवल्य आणि आसावरी मागं, त्यांच्या मागं चैत्राली. राजाभाऊसुद्धा सोफा सोडून आत आले होते.

"आई," यूलान म्हणाली, "मी अनीसाला सांगते. हा भाग नको. संपलं."

*

तेल तापलेलं होतं, म्हणून नीतानं हातातला घाणा आधी सोडला. चकल्या वर आल्या, तिनं त्या उलटल्या. बोलायच्या आधी तिला एवढा वेळ हवा होता.

सगळे तिच्याकडे बघत होते. आसावरीला वाटत होतं आईनं रागवावं. कैवल्यला वाटत होतं आईनं माफ करावं. नवरा नेहमीप्रमाणे कोणाच्या बाजूनं बोलावं त्याचा अंदाज घेत होता. नीताला मात्र राग शोधूनही सापडत नव्हता. तिला वाटत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं एका घरात राहून, एका ओट्यावर पोळ्या लाटून, ही मुलगी एवढं ओझं वागवत होती आणि आपल्याला पत्ता नाही.

"तुला खरंच तसं वाटलं होतं?" तिनं विचारलं.

"तेव्हा, हो."

"आणि आता?"

"आता नाही. पण गोष्ट तेव्हाची आहे."

नीतानं मान हलवली. गुळमुळीत बोलली नाही, हे तिला आवडलं. झाऱ्यातलं तेल निथळू देत ती म्हणाली, "त्या मुंबईच्या बाईला काय नेसवणार होते?"

"निळी साडी. का?"

"माझी निळी आहे. इरकल. ती चालेल का विचार."



"आई, वेड लागलंय का तुला?" आसावरी म्हणाली. "तू स्वतःलाच वाईट दाखवणार?"

"दुसरी कुणी येऊन मला वाईट दाखवणार होती, त्यापेक्षा मी बरी."

"नीता, कॅमेऱ्यापुढं उभं राहणं म्हणजे..." राजाभाऊंनी सुरुवात केली.

"तुम्ही सोफ्यावर बसा."

राजाभाऊ हसले, पण हलले नाहीत. दारातून फजल हे सगळं ऐकत होता. तो धावत गेला आणि अनीसाला घेऊन आला. डोक्याला रुमाल बांधलेल्या त्या उंच बाईनं नीताला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग कढईत पाहिलं, मग एक चकली उचलून खाल्ली. इंग्रजीत म्हणाली, यांना जमेल का?

"जमेल म्हणावं," नीता सुनेला म्हणाली. "पण माझी एक अट आहे. गोष्टीत मी पाठ फिरवते आणि तिथंच संपतं. तसं नाही चालायचं. मी पाठ फिरवली की कॅमेरा माझ्या मागं स्वयंपाकघरात आला पाहिजे."

"इथं? इथं काय आहे, आई?"

"काय होतं ते दाखवते. तू सांग तिला."

यूलाननं सांगितलं. अनीसानं खांदे उडवले. दिवस फुकट जाण्यापेक्षा काहीही परवडलं असतं.

*

टेबलावरचं दृश्य दोन तासांत झालं. नीता ताट आणायची, ठेवायची, वळायची. पहिल्यांदा तिनं सवयीनं विचारलं, "लोणचं हवं का?" आणि सगळं थांबवावं लागलं. दुसऱ्यांदा कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा केला. तिसऱ्यांदा बरोबर झालं, इतकं बरोबर, की समोर बसलेल्या यूलाननं नकळत खांदे आवळून घेतले.

मग कॅमेरा स्वयंपाकघरात नेला. यूलानचं या दृश्यात काम नव्हतं. पण सासूबाई मराठीत बोलतील आणि अनीसाला कळणार नाही, म्हणून ती छोट्या पडद्यासमोर दिग्दर्शिकेशेजारी बसली, कानाला हेडफोन लावून. ऐकायचं आणि लगेच अरबीत सांगायचं. दुभाषीपण. तिचा मूळचा धंदा.

पडद्यावर निळ्या साडीतली नीता आत आली. ओट्याशी गेली. तिनं नळ सोडला, धार मोठी केली. भांडं घासायला घेतलं नाही. ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून ती नुसती उभी राहिली आणि पाण्याच्या आवाजाखाली ओठ हलवू लागली.

"देवा, आज तरी नीट येऊ दे," नीता पुटपुटली. "पोर वाळली नुसती. कोणाशी बोलेल ती? यू... यू आर... यू आर थिन. हां. थिन म्हणजे बारीक. मग? आय कुक... आय कुक फॉर यू. यू आर थिन, आय कुक फॉर यू. व्हॉट यू लाइक? तू सांग, मी करते."

"काय म्हणतायत?" अनीसानं अरबीत विचारलं.

यूलान सांगू लागली. पोर वाळली म्हणतात. कोणाशी बोलेल म्हणतात. तिनं आखाती राजदूतांपासून क्रेनवाल्यांपर्यंत सगळ्यांची भाषांतरं केली होती. पुढच्या वाक्याला ती भाषांतर विसरली आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून ऐकत राहिली.

पडद्यावर नीतानं पुन्हा सुरुवात केली. "यू आर थिन, आय कुक..." ती अडली, कपाळावर हात मारला. "लेकरांना शाळेत घातलं इंग्रजी. आपण राहिलो तसेच. हसतील ती. हसू देत. यू आर थिन." तिनं हात पुसले, खांदे ताठ केले आणि दाराकडे गेली. दारात उभी राहून तिनं, समोर कोणी नसलेल्या टेबलाकडे बघत, मोठ्यानं म्हटलं, "यू आर थिन."

मग तोंड उघडं राहिलं. पुढचं येईना. डोळे इकडेतिकडे फिरले. वाक्य गेलं होतं. ती घाईनं मागं वळली आणि नळाच्या धारेखाली हात धरून उभी राहिली. पाण्यात काहीच नव्हतं. भांडंही नव्हतं.

अनीसानं कट म्हटलं नाही. दाराआड उभी आसावरी रडत होती. शाळेत असताना मैत्रिणींसमोर आईचं इंग्रजी तिनंच दुरुस्त केलं होतं, आणि त्यानंतर आई तिच्या मैत्रिणींपुढं कधी बोलली नव्हती. आज सकाळपासून तिला यूलानचा राग येत होता. तो आता कुठं ठेवावा ते कळेना.

यूलान हेडफोन काढून आत गेली.

"आई, पुढचं वाक्य होतं?"

"होतं तर! महिनाभर पाठ केलं होतं," नीता म्हणाली. नळ अजून वाहत होता. "तू वर बघितलंस आणि गेलं की गं तोंडातून."

"मग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी तू माझ्याकडे बघतच नव्हतीस. मला वाटलं, माझ्या इंग्रजीला हसू येत असेल म्हणून बघत नाही."

"मी आरशात बघत होते!" यूलान म्हणाली. "मला वाटलं, मी बारीक, म्हणून मी तुम्हाला पसंत नाही. मी रात्रंदिवस भात खात होते!"

नीताला हसू फुटलं, यूलानलाही फुटलं. दोघी ओट्याला टेकून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. चैत्राली मध्येच घुसून दोघींच्या कमरेला बिलगली. "आजी, यू आर सो नॉट द व्हिलन," ती म्हणाली. राजाभाऊंनी पुढं होऊन नळ बंद केला, कारण पाणी वाया जात होतं आणि काहीतरी करणं त्यांना भाग होतं.

तेवढ्यात अनीसा आत आली. नाक पुसून तिनं नीताचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय?"

"म्हणते, फार सुंदर. पण चित्रात कसली तरी सावली आली होती. पुन्हा करायचं."

"पुन्हा?" नीता घाबरली. "अगं, माझं रडून झालं. आता परत तेच कुठून आणू?"

यूलाननं तिच्या साडीची निरी सारखी केली. अभिनयाची एक युक्ती सूसू करताना तिला कोणी सांगितली नव्हती, तिची तिनंच शोधून काढली होती. "आई, रडू आणायचं नाही," ती म्हणाली. "फक्त वाक्य आठवायचा प्रयत्न करायचा. अगदी खरा. बाकीचं आपोआप येतं."

नीतानं ते चार वेळा केलं. चौथं पहिल्यापेक्षा चांगलं झालं, असं खुद्द तिचंच मत होतं. तोवर चकल्या आसावरीनं तळल्या, फजलनं खसखशीवर अनारसे थापले आणि दिवे विझल्यावर सगळ्या युनिटनं अंगणातल्या सोफ्याभोवती गरम फराळ केला.

*

भाग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाखवला. शाळा अर्ध्या दिवसाच्या झाल्या होत्या, समुद्रालगतचा रस्ता गाड्यांना बंद झाला होता, सगळ्या चॅनेलांवर चेंडूच चेंडू होता, तरी पुष्कळांनी बघितला. श्रेयनामावलीत लेखिका म्हणून, चिनी रीतीनं आडनाव आधी लावून, 'सू यूलान' असं नाव आलं तेव्हा कैवल्यनं शिट्टी वाजवली. यूलानचं शांत, स्वच्छ अरबी ऐकून स्टुडिओतल्या जुन्या मंडळींनाही धक्का बसला. अनीसानं फोन करून सांगितलं, पुढच्या रमजानला डॉक्टरची भूमिका आहे, मोठी, एकही वाक्य चुकीचं बोलायचं नाही. यूलान त्या दिवशी घरभर नाचली आणि राजाभाऊंनी तिच्यासोबत दोन पावलं टाकली.

दोन दिवसांनी सासू-सून अल मन्सूरा वस्तीतल्या दुकानात भाजीला गेल्या. नीता मेथीच्या जुड्या उलटून बघत होती. एवढ्यात एक सुदानी बाई दुकानात शिरताशिरता थबकली. तिनं दोघींकडे निरखून पाहिलं. यूलाननं सवयीनं चेहरा हसरा केला. बाई तिच्या अंगावरून पुढं गेली, नीतासमोर उभी राहिली आणि छातीवर हात ठेवून भराभर बोलू लागली. मग तिनं पर्समधून फोन काढून यूलानच्या हातात दिला.

"काय म्हणतेय गं?"

"म्हणते, तिची आई पण अशीच आहे. बोलता येत नाही, म्हणून रागावलेली दिसते. काल तिनं आईला खार्तूमला फोन केला. तुमच्यासोबत फोटो हवाय."

"माझ्यासोबत? आणि तू?"

"मी काढते ना."

नीतानं मेथीची जुडी खाली ठेवली. मग हात रिकामे वाटले म्हणून पुन्हा उचलली. सुदानी बाईनं तिच्या खांद्यावर हात टाकला.

"हसू का?" नीतानं विचारलं.

"नको, आई. त्यांना सीरियलमधल्या हव्यात. रागावलेल्या दिसा."

नीतानं भुवया जवळ आणल्या, ओठ घट्ट मिटले, सुनेकडे रोखून पाहिलं. यूलाननं फोन डोळ्यांसमोर धरला आणि थोडी वाट पाहिली. मग नीताच्या ओठांचा एक कोपरा हलला, दुसरा हलला, आणि मेथीच्या जुडीसकट ती खळखळून हसली. यूलाननं तोच फोटो काढला.